पोलवर गरगर फिरणाऱ्या मुलीला गाडी लागते तेव्हा

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. 14 वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ माझ्याकडे असतो. ही हकीकत त्या संघातल्या आठवीतल्या एका मुलीची. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला चिमणी म्हणू. संघातलं तिचं टोपणनाव वेगळं आहे, पण त्याचा अर्थ साधारण हाच: अंगानं सगळ्यात लहान आणि तोंड दिवसभर चालू.

संरक्षणाला ती पहिल्या तुकडीत उतरते. पोलजवळ हूल द्यावी तर तिनंच. धावणारी मुलगी हात लांब करते, ही खाली वाकून गर्रकन वळते आणि समोरचीचा हात हवेत राहतो. सरावात तीन-साडेतीन मिनिटं ती सहज काढते. या वयोगटात एवढा वेळ पळणारी मुलगी संघात असली की निम्मी चिंता मिटते.

आई अंबडच्या एका कारखान्यात काम करते, वडील रिक्षा चालवतात. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे सातवीपर्यंत चिमणीचा लांबचा प्रवास म्हणजे वर्षातून एकदा आजोळी, तोही रेल्वेनं. तिला गाडी लागते हे आम्हाला ती संघात आल्यावर कळलं. खरं तर तिलाही तेव्हाच कळलं.

अडचण: तीन प्रवास

पहिला प्रवास जुलैत, ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेशी मैत्रीपूर्ण सामन्यासाठी. भाड्याची क्रूझर जीप. पहाटे साडेपाचला निघालो आणि रिवाजाप्रमाणे पाथर्डी फाट्याच्या पुढे मिसळ खायला थांबलो. चिमणीनं पाव नुसताच कुरतडला, कारण आईनं बजावलं होतं, "पोट रिकामं ठेव, म्हणजे उलटी होणार नाही." घोटीच्या पुढे पाऊस लागला. काचा बंद केल्या. आत ओले रेनकोट, मिसळीचे ढेकर आणि ड्रायव्हरच्या आरशाला टांगलेल्या अत्तराच्या बाटलीचा घमघमाट. इगतपुरी सोडून कसारा घाटात उतरायला लागलो आणि मागून आवाज आला, "सर, गाडी थांबवा."

घाटात गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवशी ती चारदा ओकली. मैदानावर पोहोचल्यावर पाय लटपटत होते, तरी मी तिला उतरवलं. पन्नास सेकंदांत बाद. परतताना मागच्या मुलींनी तिचं नवं नाव ठेवलं होतं, उलटी एक्स्प्रेस. मी ऐकलं आणि ऐकलं नाहीसं केलं.

हा लेख लिहायला घेतल्यावर त्या जीपमधली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. क्रूझरच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवी बाकडी असतात. तिथं बसणाऱ्याचं तोंड गाडीच्या दिशेनं नसतं, बाजूला असतं. लहान चणीच्या मुली मागे, उंच मुली मधल्या सीटवर आणि मी ड्रायव्हरशेजारी, ही वाटणी मीच केली होती. चिमणीच्या गुडघ्यांवर किटची बॅग होती, समोर दुसऱ्या मुलीचं तोंड, आणि खिडकी मानेच्या मागे.

दुसरा प्रवास ऑगस्टमध्ये संगमनेरला. या वेळी मी शहाण्यासारखा आदल्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो आणि "उलटी होऊ नये म्हणून गोळी द्या" म्हणालो. दुकानदारानं ऑनडानसेट्रॉन दिली. जुलाब-उलट्या झाल्या की डॉक्टर लिहून देतात तीच. चिमणीनं ती मोहदरीचा घाट आल्यावर, पोटात ढवळायला लागल्यावर घेतली आणि सिन्नरच्या पुढे गोळीसकट सगळं बाहेर पडलं.

तिसरा सप्टेंबरच्या सुरुवातीला, पेठ तालुक्यात. आता तिच्या शेजारच्या काकूंनी गाडी लागण्यावरची गोळी सुचवली. प्रोमेथाझिन, म्हणजे आपल्याकडे घरोघरी ॲव्होमिन म्हणून ओळखतात ती. सकाळी निघताना घेतली. सावळघाटात एकही उलटी नाही. आम्ही खूश. पण मुलगी झोपली ती मैदानावर पोहोचेपर्यंत झोपलेलीच. उठवली तर जीभ कोरडी, डोळे जड. पहिल्याच खोला, जिथं ती कधीच बाद होत नाही तिथं, सरळ समोरच्या मुलीच्या हातात गेली.

त्याच आठवड्यात जिल्हास्तरीय स्पर्धा आम्ही जिंकलो. ती नाशिकमध्येच होती आणि चिमणी रिक्षानं आली होती. पुढची विभागीय स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटी धुळ्याला. संघ रस्त्यानंच जाणार होता. म्हणजे सुमारे 160 किलोमीटरचा रस्ता आणि चांदवडजवळचा राहूड घाट.

माझा प्रश्न आणि वडिलांचं उत्तर

इथं माझी एक चूक कबूल केली पाहिजे. ऑगस्टच्या प्रवासानंतर मी चिमणीला म्हणालो होतो, "पोलभोवती गरगर फिरतेस तेव्हा काही होत नाही, मग गाडीतच कसं होतं? हे मनाचे खेळ आहेत." ती काही बोलली नाही. तिनं घरी जाऊन हेच वाक्य सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेच्या फाटकाशी रिक्षा लावून थांबले होते.

"सर, मी दिवसभर रिक्षा चालवतो, मला काही होत नाही. पण कुणाच्या गाडीत मागे बसलो ना, तर घोटीच्या आत मलाही घशाशी येतं. मग माझंही मनाचंच आहे का?"

त्यांना वाद घालायचा नव्हता, खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही. ते आमच्या शाळेच्या पालकांपैकी एक असलेल्या डॉक्टरांनी दिलं, आणि माझ्या प्रश्नातच उत्तर होतं हे तेव्हा कळलं.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठल्या दिशेला फिरलं ते सांगतात, आणि दोन छोट्या पिशव्या पुढे-मागे, वर-खाली होणारी हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा. आडव्या बाकड्यावर बसलेल्या मुलीचा कान मेंदूला सांगतो, आपण वळतोय, खाली उतरतोय, आता ब्रेक लागला. डोळ्यांसमोर मात्र मैत्रिणीचं तोंड आणि जीपचा पत्रा. ते जागचे हलत नाहीत. डोळे म्हणतात, आपण तर बसलोय. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. त्यात पोट का ओढलं जातं याबद्दल तज्ज्ञांचे वेगवेगळे तर्क आहेत, पण आतल्या कानाची ही यंत्रणाच ज्यांची पूर्ण निकामी झालेली असते त्यांना गाडी लागत नाही, एवढं पक्कं आहे.

मग पोलवर का होत नाही? कारण तिथं वळण्याचा हुकूम चिमणीच्याच मेंदूनं दिलेला असतो. पुढच्या क्षणी कान काय सांगणार आणि डोळे काय बघणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. ड्रायव्हरचंही तेच. वळण येण्याआधी त्याच्या हातांना ते कळलेलं असतं. मागच्या माणसाला ते झटका बसल्यावर कळतं. धावताना बसणारे धक्के भराभर असतात, त्यांचा त्रास होत नाही. सगळ्यात वाईट ते संथ हेलकावे, साधारण पाच सेकंदांना एक. घाटातल्या वळणांचा आणि होडीच्या डुलण्याचा वेग नेमका त्याच्या आसपासचा.

डॉक्टरांनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. गाडीत नसताना गरगरतं का, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, डोकं दुखतं का? यातलं काही असतं तर त्यांनी वेगळ्या तपासण्या सांगितल्या असत्या. तसं काही नव्हतं. मात्र आईला अर्धशिशी आहे हे निघालं. अर्धशिशी असणाऱ्यांना गाडी जास्त लागते आणि हा त्रास घराण्यात चालतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही, नऊ-दहाच्या आसपास सर्वांत जास्त लागते आणि पुढे बहुतेकांची कमी होत जाते. म्हणजे वाट बघणं हाही एक उपाय होता, पण तोपर्यंत 14 वर्षांखालचा संघ तिच्या हातून गेला असता.

पर्याय

सप्टेंबरच्या मध्याला शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही पाच जण बसलो. आई, वडील, चिमणी, संघाबरोबर येणाऱ्या आमच्या मॅडम आणि मी.

पहिला पर्याय मुख्याध्यापकांनी आधीच बोलून दाखवला होता, तिला धुळ्याला नेऊच नये. सगळ्यांना सोपा. आईही त्या बाजूला झुकली होती. "सर, तिचे हाल बघवत नाहीत." चिमणी टेबलाचा सनमायका नखानं उकरत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मी बसून राहीन तिथं, पण येणार." पर्याय बाद झाला.

दुसरा, धुळ्याच्या दिवशी पहाटे निघायचं आणि गोळी द्यायची. पेठला काय झालं ते पाहिलं होतं. शिवाय डॉक्टरांनी एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात आला नसता. या गोळीनं तोंड कोरडं पडतं तसा घामही कमी येतो, आणि उन्हात खेळणाऱ्या मुलीला घाम येणं गरजेचं असतं. गाडी लागण्यावरच्या बहुतेक जुन्या गोळ्यांनी झोप येतेच. ऑनडानसेट्रॉननं झोप येत नाही, पण गाडी लागण्यावर ती फारशी चालत नाही, कारण तिचं काम पोटाकडून येणाऱ्या इशाऱ्यांवर आहे आणि हा घोळ कानाकडून सुरू होतो. दुकानदाराला दोष देत नाही. मी "उलटीची गोळी" मागितली, त्यानं उलटीची गोळी दिली. "गाडी लागण्याची" म्हणायला हवं होतं.

तिसरा, आदल्या दिवशी निघून मुक्काम करायचा. गोळी घेतली तरी रात्रीत उतरेल, न घेता त्रास झाला तरी झोपून भरून निघेल. यात अडचण पैशांची. पंधरा मुली, दोन शिक्षक, एक रात्र जास्त.

चौथा वडिलांचा, "मी रिक्षानं आणतो." आम्ही हसलो, ते हसले नाहीत. रिक्षात तिला कधीच त्रास झालेला नाही हे खरं होतं. उघडी, वाऱ्याची, समोर सगळा रस्ता दिसणारी गाडी. पण महामार्गावर 160 किलोमीटर रिक्षा हा काही उपाय नव्हे. तरी त्यांच्या बोलण्यातून एक धागा मिळाला, तिला जे मानवतं ते मोठ्या गाडीत कुठं मिळेल?

पाचवा, सवय लावणं. डॉक्टर म्हणाले, कायमचा गुण येणारी गोष्ट हीच, वैमानिकांनाही अशीच सवय करवतात. पण वेळ लागतो, आणि ती चढत्या पायरीनं लागते. एकदम घाटात नेऊन चारदा ओकायला लावलं तर सवय लागत नाही, धसका बसतो. जुलैपासून आम्ही नेमकं तेच करत होतो. चिमणीला आता क्रूझर नुसती दिसली तरी मळमळून तोंडात पाणी यायचं.

आलं, लिंबू, आवळासुपारी, मनगटावरचा दाब, पोटाला वर्तमानपत्र बांधणं, हे सगळं त्या बैठकीत निघालं. प्रत्येकाच्या मावशीला कशानं ना कशानं गुण आलेला असतो. आल्याबद्दल आणि मनगटाच्या पट्ट्यांबद्दल झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यानं नुकसान नाही म्हणून आलेपाक ठेवला, बाकीचं सोडलं. वर्तमानपत्राला मी हसलो, पण आजीच्या समाधानासाठी एकदा तेही झालं.

ठरलं ते असं: सवय लावायची, बसण्याची जागा बदलायची आणि आदल्या दिवशी निघायचं. गोळी हातात असेल, पण शेवटची.

काय केलं

शनिवारी अर्धी शाळा असते. दुपारी आई आणि चिमणी एसटीनं निघायच्या. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं मिळून एका माणसाचं भाडं. हा हिशेब आईनं मला मुद्दाम सांगितला, कारण आठ आठवडे जायचं तर तो लागतोच.

वाट सप्तशृंगी गडाची निवडली. दिंडोरीपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सरळ, वणीपर्यंत थोडा चढउतार आणि नांदुरीहून वर गडापर्यंत साधारण दहा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट. पायऱ्या पाडायला याहून सोयीचा रस्ता नाशिकच्या आसपास मला तरी माहीत नाही. वर देवी आहे, म्हणजे आजीचाही आशीर्वाद.

नियम एकच होता आणि तो मोडायचा नाही: उलटी होण्याच्या आधी उतरायचं. जास्तीत जास्त थोडं ढवळेल इथपर्यंत जायचं, मग पुढच्या थांब्यावर उतरून चहाच्या टपरीवर अर्धा तास बसायचं आणि परत फिरायचं. पुढच्या शनिवारी त्याच्या थोडं पुढे.

यासाठी आधीची लक्षणं ओळखता यायला हवीत. आम्हाला वाटायचं उलटी अचानक होते. आईनं पहिल्या दोन शनिवारी वहीत लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं की ती अजिबात अचानक नसते. आधी चिमणी गप्प होते, आणि ती गप्प झाली ही मोठीच खूण. मग जांभया, एकामागून एक. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आणि चेहरा पांढुरका. थुंकी सारखी गिळते. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. एसटीत ती दहा मिनिटं फार कामाची.

जागा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडली. अगदी पुढच्या सीटवर समोरचा रस्ता दिसतो, पण त्या जुन्या गाडीत इंजिनाची धग आणि डिझेलचा वास तिथंच. मागच्या चाकांच्या मागे बसलं तर बस वळताना शेपूट झाडते. तिसरी किंवा चौथी ओळ, खिडकी, पडदा बांधलेला, डोकं सीटला टेकवलेलं आणि नजर समोरच्या काचेतून लांबच्या डोंगरावर. शेजारी आई. हातात मोबाइल नाही. एकदा तिनं वाटेत गणिताची वही काढली, तेव्हा ओझरखेडच्या आतच जांभया सुरू झाल्या.

खाणं बदललं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, तुडुंब पोटीही. निघण्याआधी तासभर अर्धी पोळी नाहीतर भाकरीचा चतकोर, वाटेत मुरमुरे, पाण्याचे घोट. मिसळ परतल्यावर.

सगळं सरळ गेलं असं नाही. दोन शनिवार दिंडोरी, तिसऱ्याला वणी, छान चाललं होतं. मग नवरात्र आलं. नवरात्रात खासगी गाड्यांना गडावर बंदी असते, नांदुरीहून वर एसटीच धावतात आणि त्यात उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. आम्ही तो शनिवार सोडला. त्यानंतरचा आईच्या ओव्हरटाइममुळे गेला. पुढच्या वेळी वणीपर्यंतही निभलं नाही, वाटेतच तिला उतरावं लागलं. आई निराश. मीही. सवय जशी लागते तशी मोडतेही, मध्ये खंड नको, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा दिंडोरीपासून सुरू केलं, मात्र या वेळी दोनच फेऱ्यांत वणी गाठलं.

आमच्या मॅडमनी या काळात एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी मी कधी विचारलीही नसती. मासिक पाळीच्या आसपास हा त्रास वाढू शकतो. जुलैचा आणि ऑगस्टचा, दोन्ही प्रवास त्याच दिवसांतले होते. मॅडम तिच्याशी बोलल्या, तारखा आईच्या वहीत गेल्या, मला फक्त "हा शनिवार नको" एवढा निरोप यायचा. तेवढं पुरेसं होतं.

गोळीची चाचणीही घेतली, तीही घरच्या घरी. दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी, डॉक्टरांनी वयानुसार सांगितलेली मात्रा रात्री झोपताना देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती मैदानावर नेहमीसारखी पळाली. पेठच्या दिवशी औषधाइतकीच वेळही चुकली होती, हे त्या रविवारी कळलं. दोन महिने उशिरा.

शेवटच्या शनिवारी दोघी गडावर पोहोचल्या. वर जाताना थोडं ढवळलं. उतरताना नांदुरीच्या अलीकडे, शेवटच्या वळणांवर, धुतलेली दुधाची पिशवी उपयोगी पडली. आईनं रात्री फोन केला तेव्हा आवाजात हसू होतं. "सर, ओकली. पण ओकून झाल्यावर म्हणते, आई, मुरमुरे दे."

धुळे

क्रूझरऐवजी मिनीबस घेतली. जास्तीचे पैसे आणि मुक्कामाचा खर्च पालकांनी वर्गणी काढून भागवला. शाळेकडे मागितले होते, मिळाले नाहीत, त्यावर जास्त लिहीत नाही. जागावाटप मी कागदावर करून आणलं. ड्रायव्हरदादांना दोन विनंत्या: अत्तराची बाटली काढा आणि घाटात ब्रेक हळू दाबा. पहिली त्यांनी लगेच मानली. दुसरीवर म्हणाले, "सर, माझ्या बायकोलाही लागते गाडी, मला शिकवू नका."

आदल्या दिवशी दुपारी निघालो. पिंपळगाव बसवंत गेलं तरी चिमणीची बडबड चालू, म्हणून मी निश्चिंत. चांदवड सोडलं आणि आवाज थांबला. आरशातून पाहिलं तर जांभई. ठरल्याप्रमाणे मॅडमनी गाडी थांबवायला सांगितलं. पाच मिनिटं ती रस्त्याकडेला उभी राहून लांब बघत होती. राहूड घाट डोळे मिटून काढला. नजर बाहेर ठेवता येत नसेल तर डोळे मिटलेले बरे, निदान दोन साक्षींतली एक कमी होते. मालेगावला चहा. धुळ्यात पोहोचलो तेव्हा पिशवी कोरडी होती. गोळी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात ती 3 मिनिटं 20 सेकंद पळाली. अंतिम सामना आम्ही हरलो, आणि त्याला चिमणीचा काही संबंध नाही. समोरचा संघ चांगला होता.

परतीचा प्रवास रात्रीचा. सगळ्या दमलेल्या, मीही. जागावाटपाचा कागद खिशातच राहिला आणि जी जिथं बसली तिथं बसली. चिमणी शेवटच्या रांगेत, मैत्रिणीच्या मोबाइलवर सामन्याचा व्हिडिओ बघत. मालेगाव ते चांदवडच्या मध्ये तीच हाक आली, "सर, गाडी थांबवा."

फरक एवढाच की या वेळी एकही मुलगी हसली नाही. पिशवी, पाणी, ओला रुमाल, तिघींचे तीन हात आपोआप पुढे आले. अडीच महिन्यांत त्या सगळ्या शिकल्या होत्या, मी परतीचा प्रवास विसरलो होतो.

पुन्हा करायचं झालं तर

जुलैच्या जीपमध्येच थांबून मी तिला पुढे माझ्या जागी बसवायला हवं होतं. यात पैसा, औषध, डॉक्टर काही लागत नव्हतं. क्रीडाशिक्षकानं ड्रायव्हरशेजारीच बसावं असा कुठं नियम नाही. रस्ता माझ्यापेक्षा तिला बघायला हवा होता.

त्या दिवशी मैदानात उतरवणं हाही चुकीचा निर्णय. चारदा उलटी झालेल्या मुलीच्या अंगातलं पाणी गेलेलं असतं. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस देऊन तासभर पडू द्यायचं, आणि खेळायचं की नाही ते नंतर बघायचं. मी सामना बघितला.

डॉक्टरांकडे तिसऱ्या प्रवासानंतर गेलो, पहिल्यानंतर जायला हवं होतं. मधल्या दोन गोळ्या मी आणि शेजारच्या काकूंनी मिळून ठरवल्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत आणि मोठ्यांनाही गाडी चालवायची असेल तर चालत नाही, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

सवय लावण्याबद्दल मी थोडा साशंक आहे. धुळ्याला गुण सवयीनं आला, जागेनं आला, की वेळेत थांबल्यानं, हे मला वेगळं काढता येत नाही. सगळं एकदम बदललं. आई म्हणते गडाच्या देवीनं. वडील म्हणतात खिडकीनं. परतीच्या प्रवासावरून मला वडिलांचं जास्त पटतं, पण दिंडोरीच्या पुढे न जाऊ शकणारी मुलगी नांदुरीचा घाट चढली हेही डोळ्यांआड करता येत नाही. आणि ही सवय एसटीची आहे. उद्या संघ मालवणला गेला आणि मुली होडीत बसल्या, तर तिथं ती कामाला येईलच असं नाही.

"मनाचे खेळ" या वाक्याबद्दल मी चिमणीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर," आणि विषय बदलला. तिला ते आठवतंय, हे मला कळतं.

यंदा जूनमध्ये संघाच्या संमतीपत्रात मी एक ओळ वाढवली: प्रवासात मळमळ किंवा उलटीचा त्रास होतो का? पंधरापैकी पाच पालकांनी हो लिहिलं. त्यातल्या दोघी तीन वर्षं माझ्याबरोबर फिरताहेत, एक तर संघाची कर्णधार. तिला विचारलं, तू कधी बोलली का नाहीस? म्हणाली, "मी गिळते, सर."